ईआरपीनेक्स्टमध्ये दर महिन्याला साठा उण्यात जातोय? पहिली बिघडलेली ओळ अशी शोधा

“ताई, तूर परत उण्यात दाखवायलंय बघा.”

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका डाळमिलमधून दर महिन्याच्या एक-दोन तारखेला मला हा फोन यायचा. सलग चार महिने आला. गोदामात पोत्यांची थप्पी पत्र्याला टेकलेली आणि स्क्रीनवर तूर उणे तेवीस क्विंटल. फोनवर मुनीमजी असायचे, पण मागून मालकांचा, म्हणजे अप्पांचा, आवाज यायचा: “बँकेला कोन्ता आकडा देऊ ते इचारा.” कॅश क्रेडिटवर चालणाऱ्या मिलला दर महिन्याला बँकेत स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं आणि उचल किती मिळणार ते त्यावर ठरतं. तिथे उणे साठा लिहिता येत नाही, आणि अंदाजाने तर काहीच लिहू नये.

मी मूळची टॅलीवर काम करणारी. ईआरपीनेक्स्ट शिकले ते या मिलच्या कामाच्या निमित्तानेच. खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब एकत्र ठेवणारं, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली खुलं आहे, स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं तर माणशी लायसनचे पैसे लागत नाहीत. त्यामुळेच गाड्यांच्या वजनकाट्यावर बसणाऱ्या पोरालाही स्वतःचं लॉगिन देता आलं. त्याचा किती उपयोग झाला ते पुढे येईलच. चार महिन्यांत या एका दुखण्यामागे मला पाच वेगवेगळी कारणं सापडली. जिनिंग असो, बियाण्याचं गोदाम असो की तेलगिरणी, कारणं याच घरातली निघतात असा माझा अनुभव आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मेनूतली नावं इंग्रजी स्क्रीनवर दिसतात तशीच ठेवली आहेत.

आधी एक गोष्ट ठरवा: वजन चुकलंय की रक्कम?

फोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारते. ‘स्टॉक बॅलन्स’ रिपोर्टमधलं वजन गोदामातल्या मालाशी जुळत नसेल तर चूक नोंदीत आहे: तारीख, वेळ, दुबार नोंद किंवा एकक. वजन जुळतंय पण साठ्याची रक्कम आणि खातेवहीतली साठ्याची रक्कम वेगळी आहे, असं असेल तर बहुतेक वेळा मागे चालणारं रीपोस्टिंग, म्हणजे जुन्या नोंदींचे दर आणि रकमा नव्याने लावणं, अडकलेलं असतं. तेराव्या आवृत्तीपासून ईआरपीनेक्स्टची रीत अशी आहे की मागच्या तारखेची नोंद सबमिट केली की पुढच्या सगळ्या ओळींचं वजन लगेच सुधारतं, पण दर आणि रक्कम नंतर, रांगेत लागून सुधारतात. ही दोन दुखणी वेगळी, औषधं वेगळी. मी पहिल्या महिन्यात दोन्ही एकदम धुंडाळत बसले आणि तीन दिवस वाया गेले.

वजन चुकलं असेल तर ‘स्टॉक लेजर’ रिपोर्ट उघडा. एकच आयटम आणि एकच वेअरहाऊस निवडा. तारीख महिन्याच्या आधीपासून घ्या, साठा नक्की बरोबर होता अशी तुम्हाला खात्री असलेल्या दिवसापासून. मग शिल्लक वजनाचा रकाना वरून खाली बोट ठेवून वाचत जा. शेवटचा आकडा बघायचाच नाही. जिथे पहिल्यांदा आकडा उण्यात गेला, किंवा उण्यात न जाता गोदामाशी फारकत घेतली, ती ओळ शोधायची. त्याखालच्या शंभर ओळी चुकीच्या दिसतील, पण त्या फक्त पहिल्या ओळीचं ओझं वाहत असतात.

आमच्याकडे ती ओळ १२ फेब्रुवारीची निघाली. सकाळी शिल्लक १८.४० क्विंटल. ११ वाजून ५ मिनिटांनी भरडायला दिली ४२ क्विंटल, शिल्लक उणे २३.६०. संध्याकाळी ७ वाजून ४८ मिनिटांनी खरेदी आली ६० क्विंटल, शिल्लक ३६.४०.

मी मुनीमजींना काटा पावती मागितली. त्यांनी तारेत ओवलेल्या पावत्यांतून ती काढून दिली. गाडी काट्यावर चढली होती ११ फेब्रुवारीच्या रात्री ९ वाजून १० मिनिटांनी. माल आदल्या रात्रीच आला होता, हमालांनी रात्रीच उतरवला होता, आणि सकाळी त्यातलाच भरडायला गेला होता. मिलमध्ये काही चुकलं नव्हतं. नोंद मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाली होती.

“मुनीमजी, नोंद रात्रीच कामून नाही केली?”

“आडत्याची पट्टी आल्याबिगर कशी करू ताई? हमाली, तोलाई, आडत, समदं पट्टीवर येतं. पट्टी दुसऱ्या दिशी येती.”

त्या उणे आकड्याचं मूळ या उत्तरात होतं. मुनीमजींच्या खरेदी वहीत वजन आणि पैसा एकाच ओळीत बसतो, म्हणून पट्टी येईपर्यंत ओळ लिहिताच येत नाही. चाळीस वर्षं त्यांनी असंच लिहिलं आणि वही कधी चुकली नाही, कारण वहीत सकाळचे अकरा आधी की संध्याकाळचे सात आधी हे कुणी विचारत नाही. ईआरपीनेक्स्ट मात्र प्रत्येक नोंद तारीख आणि वेळेच्या क्रमाने लावतं. इथे माल आला याचा कागद वेगळा, ‘पर्चेस रिसीट’. आणि बिल आलं याचा वेगळा, ‘पर्चेस इन्व्हॉइस’. हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण का ते सांगितलं नव्हतं. तुम्ही कुणाला शिकवणार असाल तर या एका मुद्द्याला अर्धा दिवस द्या.

झालेली नोंद दुरुस्त कशी करायची

पर्चेस रिसीटमध्ये ‘एडिट पोस्टिंग डेट अँड टाइम’ अशी एक चौकट असते. तिला टिक केली नाही तर तुम्ही नोंद सबमिट करता तीच वेळ लागते. टिक केली की काट्यावरची तारीख-वेळ टाकता येते. पण सबमिट झालेल्या नोंदीची वेळ बदलता येत नाही. ती रद्द करून ‘अमेंड’ करावी लागते, मग त्याच क्रमांकापुढे उणे एक लागून नवी नोंद तयार होते. त्या रिसीटवर बिल जोडलेलं असेल तर आधी बिल रद्द करावं लागतं. त्या महिन्याचं जीएसटी विवरण भरून झालं असेल तर सीएला विचारल्याशिवाय बिलाला हात लावू नका.

मी हे काम रात्री आठनंतर केलं. आधी फाइल्ससकट पूर्ण बॅकअप, तोही दुसऱ्या मशीनवर कॉपी करून. मग सगळ्यांना लॉगआउट करायला सांगून एकेक रिसीट काट्याच्या वेळेला नेली. बारा नोंदी होत्या, अडीच तास लागले. घाईत दोन माणसांनी एकदम दुरुस्त्या करू नयेत, क्रम पुन्हा मोडतो.

पुढे परत होऊ नये म्हणून नोंदच काट्यावर नेली. सौद्यातला दर गाडी निघायच्या आधीच ठरलेला असतो, त्यामुळे पट्टीची वाट बघायचं कारण उरत नाही. आता काट्यावरचा पोरगा गाडीचं वजन झालं की मोबाइलवरच पर्चेस रिसीट करतो: वजन, सौद्याचा दर, गाडी नंबर. ‘कस्टमाइझ फॉर्म’मधून मी ‘काटा पावती क्रमांक’ असा एक रकाना वाढवून तो सक्तीचा केला. पट्टी आली की मुनीमजी त्याच रिसीटवरून बिल तयार करतात आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं ‘लँडेड कॉस्ट व्हाउचर’ने त्या मालावर चढवतात. तुरीची खरी पडती किंमत तेव्हा कुठे कळते. पोराला हे शिकवायला एक दुपार पुरली.

‘अलाऊ निगेटिव्ह स्टॉक’

इथे कुणीही विचारेल की साठाच नव्हता तर सॉफ्टवेअरने सकाळी ४२ क्विंटल बाहेर जाऊच कसे दिले? नीट बसवलेलं असेल तर देत नाही. अमुक गोदामात अमुक आयटम इतका कमी पडतोय असं लाल खिडकीत सांगून थांबतं. आमच्याकडे सुरुवातीच्या दिवसांत ती खिडकी आली होती. दारात हमाल उभे, मिलचा पट्टा थांबलेला. तेव्हा कुणीतरी ‘स्टॉक सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘अलाऊ निगेटिव्ह स्टॉक’ला टिक केली. काम सुरू झालं आणि टिक तशीच राहिली. त्या क्षणी ज्याने टिक केली त्याला मी दोष देत नाही, पट्टा थांबला की काय होतं ते मी पाहिलं आहे.

पण या टिकची किंमत फक्त वजनापुरती नसते. साठा शून्याच्या खाली असताना माल बाहेर गेला की त्या घडीला माहीत असलेल्या जुन्या दराने तो जातो. रात्री आलेली तूर महाग असेल तर सकाळची डाळ स्वस्त तुरीची बनली असं हिशेबात बसतं. मग डाळीवर नफा फुगलेला दिसतो आणि अप्पा त्या भरवशावर व्यापाऱ्याला भाव देऊन बसतात. हंगामात तुरीचा दर रोज हलतो, तेव्हा हे फार महागात पडतं. जुन्या नोंदी दुरुस्त होईपर्यंत ही टिक ठेवा, काम संपलं त्याच रात्री काढा, आणि स्टॉक सेटिंग्ज बदलायचा अधिकार एका माणसाकडेच ठेवा.

एकच गाडी दोनदा

दुसऱ्या महिन्यात तूर उलटी जास्त निघाली. काट्यावर रिसीट झाली होती आणि शहरातल्या दुकानी बसणाऱ्या अकाउंटंटने पट्टी बघून सुटं पर्चेस इन्व्हॉइस केलं होतं, ‘अपडेट स्टॉक’ला टिक करून. ही टिक असली की बिलही माल आत घेतं. रिसीटवरून बिल काढलं असतं तर सॉफ्टवेअरने ही टिक चालू दिलीच नसती. स्टॉक लेजरमध्ये एकाच पुरवठादाराचं तंतोतंत तेच वजन दोन-तीन दिवसांत दोनदा दिसलं की हेच झालं असं समजा. बिल रद्द करून रिसीटमधल्या ‘क्रिएट’ बटणावरून नवं काढा. आम्ही नंतर अकाउंटंटच्या फॉर्मवरून ती चौकटच लपवली.

पोतं, कट्टा, क्विंटल

एककांचा घोळ मराठवाड्याच्या बाजारात शिकावाच लागतो. खरेदी क्विंटलात, गोदाम पोत्यात, विक्री कट्ट्यात. साठ्याचं एकक किलोच ठेवा आणि आयटमच्या एकक-तक्त्यात क्विंटलचा गुणक १०० द्या. साठ्याचं एकक व्यवहार झाल्यावर सहजी बदलू देत नाहीत, म्हणून पहिल्या दिवशीच नीट विचार करा.

कट्ट्याने आम्हाला फसवलं. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी लागू झाला, त्यामुळे ३० किलोचा कट्टा बाजारात बराच चालतो. मिलमध्ये ५० चाही भरतात. डाळीच्या आयटममध्ये ‘कट्टा’ या एककाचा गुणक ५० होता, कुणीतरी तो ३० केला. नव्या नोंदी बरोबर आल्या, पण आधी घेतलेल्या ऑर्डरींवर जुना ५० च छापलेला होता आणि त्यांवरून निघालेल्या डिलिव्हरी नोटवरही तोच उतरला. १०० कट्टे गेले की गोदामातून ३,००० किलो जायचे आणि स्क्रीनवरून ५,०००. एका गाडीत २० क्विंटल डाळ हवेत! उपाय सोपा आहे: ‘कट्टा ३०’ आणि ‘कट्टा ५०’ अशी दोन स्वतंत्र एककं करा आणि वापरात असलेला गुणक कधीही बदलू नका. दोन्ही एककांवर ‘मस्ट बी होल नंबर’ची टिक ठेवा, म्हणजे साडेबारा कट्टे कुणी लिहिणार नाही.

त्याला लागूनच बारदान. भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली तरी पोत्यांचं वजन मालात राहतंच. तागाचं पोतं ५८० ग्रॅमचं धरलं तर १२० पोत्यांच्या गाडीत ७० किलोच्या आसपास नुसतं बारदान भरतं. पट्टीवर बारदान वजा झालेलं असतं, काटा पावतीवर नसतं. काट्यावरून नोंद करायला लागलो तेव्हा हा फरक नव्याने दिसायला लागला. आता रिसीटमध्ये पोत्यांची संख्या टाकायची आणि बारदान वजा जाता वजन लिहायचं असं ठरवून दिलंय. रिकामी पोती हा वेगळा आयटम केला तर तीही हिशेबात राहतात, आणि त्यांना किंमत असते.

वजन बरोबर, रक्कम चूक

‘रीपोस्ट आयटम व्हॅल्युएशन’ची यादी उघडा. ‘क्यूड’ म्हणून डझनभर नोंदी तशाच पडून असतील तर मागचं इंजिन बंद आहे. वेब पान उघडतंय म्हणजे सगळं चालू आहे असं नसतं. आमचा सर्व्हर मिलच्या ऑफिसातच होता. एका दुपारी लाईट गेली, बॅटरी संपली, मशीन परत सुरू झालं, पान उघडलं, सगळे कामाला लागले. पण वर्कर, म्हणजे मागे रांगेतली कामं करणारे प्रोग्राम, उठले नव्हते. बेंच या ईआरपीनेक्स्ट सांभाळायच्या साधनाची ‘डॉक्टर’ आज्ञा चालवल्यावर ऑनलाइन वर्करची संख्या शून्य दिसली. अकरा दिवसांच्या दुरुस्त्या रांगेत उभ्या होत्या.

अशा वेळी सर्व्हरवरच्या सुपरवायझरची (वर्कर चालू ठेवणारा प्रोग्राम) स्थिती बघा, वर्कर आणि रेडिस (कामांची रांग धरून ठेवणारा प्रोग्राम) चालू आहेत का ते तपासा, साइटचं शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणारा भाग, सुरू असल्याची खात्री करा. ते चालू झालं की रांग तासातासाने पुढे सरकते. ‘फेल्ड’ दिसणाऱ्या नोंदी मात्र आपोआप सुधारत नाहीत. एकेक उघडून खालचा एरर वाचा, कारण दूर करा, मग ‘रीस्टार्ट’ दाबा. ‘पीरियड क्लोजिंग व्हाउचर’ होऊन बंद झालेल्या वर्षातली तारीख असेल तर रीपोस्टिंग होणारच नाही, म्हणून मार्चअखेरच्या दुरुस्त्या वर्ष बंद करण्याआधी उरका. सर्व्हर मिलमध्येच ठेवणार असाल तर लाईट आल्यावर पान उघडून बघू नका, ‘डॉक्टर’ चालवून बघा. मी ही एक ओळ मोठ्या अक्षरात लिहून सर्व्हरच्या कपाटावर चिकटवली आहे.

स्टॉक रिकन्सिलिएशन कधी करायचं

तिसऱ्या महिन्यात मी उशिरा पोचले तोवर ऑफिसातल्या एकाने ‘स्टॉक रिकन्सिलिएशन’ करून आकडा वहीशी जुळवून टाकला होता. बँकेचं काम झालं. पण फरकाची रक्कम ‘स्टॉक ॲडजस्टमेंट’ खात्यात गेली आणि नफातोट्यात जाऊन बसली. शिवाय रिकन्सिलिएशनने ३१ तारखेचा आकडा ठोकून बसवला की त्याआधीच्या तारखेची उशिरा आलेली रिसीट त्याच आकड्यात विरते, पुढे जात नाही. ३१ ला खरोखर पोती मोजली असतील, वजन घेतलं असेल, तर हे योग्यच आहे. वहीतला आकडा उतरवला असेल तर त्या वहीत न लिहिलेली गाडी कायमची हरवली.

म्हणून मोजणी आधी, रिकन्सिलिएशन नंतर, आणि त्यावर मोजणी संपल्याची वेळ. वर सांगितलेली कारणं शोधून झाल्यावर जो थोडा फरक उरेल, उंदीर, सांडलवंड, झाडणी, तेवढाच त्यात यावा. महिना बंद झाला की पाच तारखेला ‘स्टॉक फ्रोझन अपटू’मध्ये मागच्या महिन्याची शेवटची तारीख टाकते, आणि मागच्या तारखेच्या नोंदींचा अधिकार एकाच भूमिकेला (‘रोल’ला) ठेवते. आमच्याकडे तो मुनीमजींकडे आहे.

गच्चीवरची तूर

सगळ्यात शेवटी सापडलेलं कारण मिलच्या गच्चीवर पसरलेलं होतं. तुरीला आधी घासतात, तेल-पाणी लावतात, उन्हात वाळवतात, मग फोडतात. यात काही दिवस जातात. आमची नोंद मात्र एकाच टप्प्याची होती: ४२ क्विंटल तूर बाहेर, त्याच मिनिटाला डाळ आत. ३१ तारखेला स्क्रीनवर डाळ होती आणि गच्चीवर तूर. दोन्ही आयटम चुकीचे, आणि बँकेचा माणूस मोजायला आला असता तर दाखवायला डाळ नव्हती.

आता ‘वर्क ऑर्डर’ निघते आणि तूर आधी ‘वाळवण’ नावाच्या वेअरहाऊसमध्ये जाते. डाळ कट्ट्यात भरून काट्यावर चढली तरच आत येते. १०० किलो तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ उतरते. चुनी, खंडा आणि टरफल बीओएममध्ये (कशातून काय किती बनतं त्याचा तक्ता) स्क्रॅप आयटम म्हणून दर लावून ठेवले आहेत, कारण चुनी विकली जाते, आणि तिचा दर शून्य ठेवला तर सगळा खर्च डाळीवर बसतो. उरलेली घट ‘प्रोसेस लॉस’च्या टक्क्यात.

हा टक्का वर्षभर एक ठेवू नका. जानेवारीत नवी तूर येते तेव्हा ओल जास्त असते आणि घटही जास्त जाते. एप्रिलमध्ये त्याच पोत्यातून वेगळा उतारा मिळतो. दोन्हींसाठी वेगळी बीओएम करा, आणि हंगाम बदलला की जुनीवरची ‘डिफॉल्ट’ची टिक काढून नवीवर लावा. आम्ही यंदा ती १५ मार्चला बदलली. एप्रिलच्या दोन तारखेला मुनीमजींचा फोन आला तेव्हा फरक सात किलोचा होता, आणि तो कुठे गेला तेही त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं.